आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय ना? ऑनलाइन कार्यक्रम घेणाऱ्या नवख्या मंडळींसाठी

मराठीतला कुठलाही ऑनलाइन कार्यक्रम याच दोन प्रश्नांनी सुरू होतो. आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानाला मीही ते विचारले, तेव्हा आमचे एक जुने सभासद, निवृत्त मास्तर, म्हणाले, "मला बारा वर्षं झाली काही दिसत नाही, तुम्ही चालू द्या." सगळे हसले, मास्तरही हसले. मग तासभर वक्ते "हे इथे बघा", "या नकाशात वरच्या बाजूला" असं म्हणत राहिले. कार्यक्रम संपल्यावर मास्तरांचा फोन आला : "ताई, त्या नकाशात काय होतं, जरा सांगता का?" मला सांगता येईना, कारण मीही नीट पाहिला नव्हता.

ऑनलाइन कार्यक्रम अपंग श्रोत्यांपर्यंतही पोचावा म्हणून त्यानंतर आम्ही जे शिकलो, बरंचसं चुकून, ते इथे क्रमाने लिहिते आहे. वाचनालय, गृहनिर्माण संस्था, महिला मंडळ, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ, कोणाकडेही फार पैसे नसतात हे धरूनच लिहिलं आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : जे दिसतं ते कोणीतरी बोलून सांगायचं, आणि जे ऐकू येतं ते कुठेतरी लिहिलेलं असायचं.

खरं तर व्याख्यान हा प्रकार कानांसाठीच होता. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, तेव्हा वक्त्याच्या हाती शब्दांखेरीज काही नव्हतं. अंध श्रोत्याचं त्यात काही अडत नव्हतं. ते अडू लागलं स्लाइड्स आल्यावर. बहिऱ्या माणसाला मात्र त्या सभेत बसून काहीच मिळत नसे, आणि आज मिळू शकतं. म्हणजे तंत्राने एकाचं काढून घेतलं आणि दुसऱ्याला देऊ केलं. नीट वापरलं तर दोघांनाही मिळेल.

"आमच्याकडे असं कोणी येतच नाही" हे वाक्य तुम्हाला समितीच्या पहिल्याच बैठकीत ऐकू येईल. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रात. त्या वेळी मोजणीत अपंगत्वाचे प्रकार कमी होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. शिवाय ज्यांची कुठेच नोंद नाही असे कितीतरी आजी-आजोबा आहेत, ज्यांना कमी ऐकू येतं पण ते कबूल करत नाहीत. ते येत नाहीत, कारण मागे एकदा आले तेव्हा काही कळलं नव्हतं.

निमंत्रणापासून सुरुवात

पहिलं दार इथेच बंद होतं. आपली निमंत्रणं म्हणजे चित्र असतं : केशरी पार्श्वभूमी, त्यावर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात वक्त्यांचा फोटो, खाली क्यूआर कोड. अंध माणसाच्या फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, ते उघडतो आणि जेमतेम "फोटो" म्हणून थांबतो. तारीख, वेळ, विषय सगळं त्या चित्रात गोठलेलं.

उपाय फुकट आहे. चित्र पाठवायचं तर पाठवा, पण तोच मजकूर टाइप करून वेगळा संदेश म्हणूनही पाठवा. चित्राखालीच लिहिला तर पुढे पाठवताना कोणीतरी तो काढून टाकतं. आमचं निमंत्रण आता असं जातं :

"विषय : दुष्काळ आणि पाणलोट. शनिवार, १४ जून, संध्याकाळी ६ ते ७.१५. झूमवर. प्रवेश विनामूल्य. कार्यक्रमात मराठी कॅप्शन असतील. स्लाइड्सचा मजकूर दोन दिवस आधी मिळेल. तुम्हाला आणखी काही सोय हवी असल्यास १० जूनपर्यंत या क्रमांकावर फोन किंवा संदेश करा." आणि मग लिंक, स्वतंत्र ओळीवर.

यात "दि.", "सायं.", "मा." असले संक्षेप नाहीत हे पाहा. स्क्रीन रीडर "सायं" म्हणतो आणि टिंब गिळतो किंवा वाचतो, ऐकणाऱ्याने अंदाज करायचा. नमस्काराच्या चिन्हांची रांगही नको. डोळ्यांना ती क्षणभर दिसते, पण स्क्रीन रीडर ती नाव घेऊन घेऊन वाचतो. नऊ वेळा जोडलेले हात ऐकून झाल्यावर विषय येतो.

फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स यांवर चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचून दाखवायचं लिखित वर्णन, देता येतो. तिथे "कार्यक्रमाचे पोस्टर" असं लिहून हात झटकू नका, पोस्टरवर जे लिहिलंय तेच लिहा. रंगांचं सांगायचं तर वेबच्या सुगम्यतेचे जागतिक निकष, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक मागतात, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. हा आकडा सांगणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. आमच्या पोस्टरवरचं केशरीवर पिवळं त्यात सपशेल नापास झालं. गडद निळ्यावर पांढरं केलं, तेव्हा ज्यांची दृष्टी उत्तम आहे तेही म्हणाले, आता उन्हात फोनवर वाचता येतं.

अक्षरं खरी आहेत की वेषांतर केलेली?

हा भाग खास आपल्या भाषेचा आहे, इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाही, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

मराठी डीटीपीचा बराच काळ श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये गेला. त्यांतल्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी कळांचीच अक्षरं साठवलेली असतात. डोळ्यांना "पाणलोट" दिसतं, स्क्रीन रीडरला रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. तुमची फाइल कशी आहे हे ओळखायची सोपी युक्ती : त्यातलं एक वाक्य उचलून व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर युनिकोड, म्हणजे संगणकाच्या पोटातही खरी देवनागरी; भेळ दिसली तर जुना फॉन्ट. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक मिळतात, मात्र बदलून झाल्यावर डोळ्यांखालून घाला. रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात.

पीडीएफचं दुखणं वेगळंच. युनिकोडमध्ये लिहिलेलं असलं तरी पीडीएफ होताना बऱ्याचदा मात्रा-वेलांट्यांची जागा बदलते आणि वाचताना शब्द मोडतो. स्कॅन केलेली पीडीएफ तर निव्वळ फोटो. म्हणून पत्रिका, अहवाल, घटनादुरुस्तीचा मसुदा, काहीही पाठवायचं असेल तर वर्डची फाइल किंवा साधा मजकूर सोबत द्या. जुना कागद असेल तर तो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडा. मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात, बाकीची दुरुस्ती तासाभरात होते.

आणि "udya sabha aahe" छापाचं, रोमन लिपीतलं मराठी तर नकोच. "उद्या सभा आहे" हे साधं वाक्य, पण रोमन अक्षरांत असलं की स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज ते आपल्या इंग्रजी उच्चारात वाचतो. ऐकून बघा एकदा, आपलीच भाषा ओळखू येत नाही.

ऐकून बघा म्हणजे खरंच ऐकून बघा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतो, आयफोनवर व्हॉइसओव्हर. चालू करा, डोळे मिटा आणि आपलंच निमंत्रण उघडा. एक सावधगिरी : चालू करण्याआधी बंद कसा करायचा ते शिकून घ्या, कारण चालू झाल्यावर बोटांच्या सगळ्या खुणा बदलतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद दाबून ठेवली की तो बंद होतो. मला पहिल्यांदा ते माहीत नव्हतं आणि अर्धा तास फोन माझ्याशी बोलत बसला होता. विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे. मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून तो उभा केला, आणि तो मराठीही वाचतो.

नोंदणी आणि पैसे

थोडक्यात सांगते. साधा गूगल फॉर्म पुरतो. प्रश्न कमी ठेवा. अनिवार्य प्रश्न फक्त लाल रंगाने दाखवू नका, "अनिवार्य" असं लिहा. चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावू नका. क्यूआर कोडसोबत यूपीआय आयडी अक्षरांत द्या. ज्याला फॉर्म जमत नाही त्याच्यासाठी एक फोन नंबर हवाच, आणि तो उचलणारा माणूसही हवा.

हे कोणाला फार बारीक वाटलं तर सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५चा निकाल पाहावा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना बँकेच्या डिजिटल केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, डोळ्यांची उघडझाप करून दाखवता येत नव्हती, म्हणून प्रकरण तिथवर गेलं. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. फॉर्म करणाऱ्याच्या मनात "डोळे सगळ्यांचेच मिटतात" एवढंच असणार.

ज्याला हवं त्यालाच विचारा

आम्ही एकदा मोठ्या उत्साहाने एका बहिऱ्या सभासदांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषा शोधायला निघालो. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी लिहून कळवलं, "मला ती भाषा येत नाही. पन्नाशीनंतर ऐकू येईनासं झालं. मला वाचायला द्या." त्यांच्यासारखे पुष्कळ असतात. उतारवयात कान गेलेल्यांना कॅप्शन, म्हणजे बोललेलं पडद्यावर अक्षरांत, हवं असतं. उलट जन्मापासून बहिऱ्या असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, तिचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं असतं, आणि भरभर सरकणारं मराठी कॅप्शन त्यांना दमवतं. दोघांनाही आपण "कर्णबधिर" म्हणतो, सोय मात्र एकाची दुसऱ्याला लागू पडत नाही.

म्हणून निमंत्रणातच विचारायचं, आणि उत्तर आलं की फोन किंवा संदेश करून नीट समजून घ्यायचं. "तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?" असं विचारू नका, "कार्यक्रमात काय असलं तर तुम्हाला सोपं जाईल?" असं विचारा. डॉक्टरी तपशील आपल्याला नकोत.

कॅप्शन आणि दुभाषे

आपोआप उमटणारं कॅप्शन झूमसारख्या कोणत्या मंचावर, कोणत्या योजनेत मराठीत मिळतं हे सतत बदलतं. जाहिरातीवर विश्वास ठेवू नका, आठवडाभर आधी दोघांनी बसून मराठी बोलून बघा. भाषा मराठी निवडली आहे ना हेही पाहा. आमच्याकडे एकदा ती इंग्रजीच राहिली आणि तुकोबांच्या अभंगाचं जे काही झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मंचावर सोय नसेल तर दुसरा मार्ग आहे. गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगमध्ये, म्हणजे बोललेलं आपोआप टाइप करणाऱ्या सोयीत, मराठी आहे. एका स्वयंसेवकाने वेगळ्या संगणकावर कार्यक्रमाचा आवाज स्पीकरवर लावायचा, डॉक्युमेंटची लिंक सगळ्यांना द्यायची, आणि चुकलेले शब्द तिथल्या तिथे सुधारत राहायचं. विरामचिन्हं येत नाहीत, विशेषनामं चुकतात, पण अर्थ पोचतो. ज्याचा टंकलेखनाचा वेग चांगला आहे असा माणूस असेल तर त्याने सरळ सारांश टाइप करत जावं. माझ्या मते चांगल्या माणसाचा सारांश हा यंत्राच्या शब्दशः गोंधळापेक्षा वाचायला बरा. ज्यांना हवं आहे ते स्वतःच्या दुसऱ्या फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब, म्हणजे ऐकलेलं अक्षरांत दाखवणारं अॅप, लावूनही बसतात, मात्र त्यासाठी वक्त्याचा आवाज स्वच्छ असावा लागतो.

दुभाषा ठरवायचा असेल तर दोघं ठरवा. तास-दीड तास एकट्याने हात चालवणं शक्य नाही, ते साधारण वीस मिनिटांनी बदलतात. भाषणाचे मुद्दे, नावं, कविता त्यांना दोन-तीन दिवस आधी द्या. आयत्या वेळी आलेला संस्कृत श्लोक हे त्यांच्यावर टाकलेलं संकटच असतं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने केलेल्या शब्दकोशाच्या २०२१च्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत, तरीही स्थानिक नावं अक्षरं जुळवूनच दाखवावी लागतात. आणि मानधन द्या. बहिऱ्या सभासदाच्या बहिणीला "तूच कर ना जरा" म्हणणं बरं नाही, तिलाही कार्यक्रम ऐकायचा असतो.

कार्यक्रमात दुभाषाची चौकट झूमच्या स्पॉटलाइटने, म्हणजे एखाद्याची चौकट सगळ्यांना मोठी दाखवायच्या सोयीने, पुढे ठेवा. स्क्रीन शेअर केली की ती टपाल तिकिटाएवढी होते, म्हणून शेअर कमीत कमी वेळ. रेकॉर्डिंगमध्ये दुभाषा येतो की नाही, हेही सरावाच्या दिवशीच पाहून घ्या.

वक्त्याशी पंधरा मिनिटं

वक्ते विद्वान असतात, त्यांना सांगायला संकोच वाटतो. तरी सांगा. स्क्रीन शेअर केलेली स्लाइड ही समोरच्याच्या संगणकावर नुसता चलचित्राचा तुकडा असते, स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. म्हणून फाइल आधी हवी, आणि बोलताना स्लाइडवरचं मुख्य ते बोलून दाखवायला हवं. "या आलेखात दिसतंय तसं" याऐवजी "१९७२च्या दुष्काळानंतर ही रेषा वर चढते" म्हटलं की पुरे. त्यात वक्त्याचे पाच सेकंद जातात आणि खरं सांगायचं तर डोळस श्रोत्यांनाही तेव्हाच आलेख कळतो.

खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा काळा होतो आणि ओठ वाचणाऱ्याचं काम संपतं. प्रकाश समोरून हवा. पंखा बंद. इअरफोनचा माइक लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरा. लुकलुकणारी ॲनिमेशन नकोत. सेकंदाला तीनहून जास्त वेळा होणारी उघडमीट अपस्माराचा झटका आणू शकते, डब्ल्यूसीएजीच्या निकषांमध्येच तशी मर्यादा आहे.

हल्ली काही ठिकाणी प्रत्येक वक्ता आधी आपलं वर्णन करतो : मी निळी साडी नेसले आहे, मागे पुस्तकांचं कपाट आहे. मी मास्तरांना विचारलं, याचा उपयोग होतो का? ते म्हणाले, "कपाटाचं राहू द्या, पण बोलायच्या आधी नाव सांगा. चर्चेत कोण बोलतंय तेच कळत नाही." काहींना ते वर्णन आवडतंही. आम्ही मास्तरांचं ऐकलं. प्रत्येक वेळी, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बोलतानाही, आधी नाव.

कार्यक्रमाच्या वेळी

एक माणूस फक्त याच कामाला ठेवा. सूत्रसंचालक नको, त्याचं डोकं आभारप्रदर्शनात असतं.

सुरुवातीला कॅप्शन कुठून चालू करायचं, प्रश्न कसे विचारायचे हे तोंडी सांगा आणि चॅटमध्ये लिहा. विंडोजवर झूममध्ये आल्ट आणि ए दाबलं की माइक चालू-बंद होतो, आल्ट आणि वाय दाबलं की हात वर होतो. फोनवरून नंबर लावून जोडलेल्यांसाठी तेच काम अनुक्रमे स्टार ६ आणि स्टार ९ करतं. माउस न वापरणाऱ्यांना या चार गोष्टी पुरतात.

आता चॅट. आपल्याकडे कार्यक्रम सुरू झाला की "नमस्कार", "शुभ संध्याकाळ, नाशिकहून", "खूप छान" यांचा पाऊस पडतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याच्या कानात यातला प्रत्येक संदेश वक्त्याच्या आवाजावर चढून वाचला जातो. एका कानात पाणलोट, त्याच कानात चाळीस नमस्कार. सूचनांचा हा आवाज ज्याचा त्याला सेटिंग्जमध्ये बंद करता येतो, पण मग महत्त्वाचा संदेशही सुटतो. म्हणून आम्ही पहिल्या दहा मिनिटांत नमस्कार उरकून घेतो आणि व्याख्यान सुरू झालं की चॅट फक्त आयोजकांपुरतं ठेवतो. काही जण रुसले. रुसू दे.

प्रश्नोत्तरांत चॅटमधला प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासकट, मोठ्याने वाचा. बोलून विचारलेला प्रश्न कॅप्शनमध्ये उतरेपर्यंत थांबा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा अडखळत बोलणाऱ्या माणसाचं वाक्य आपण पूर्ण करू नये. शांततेला आपले सूत्रसंचालक फार घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की दहा सेकंद कोणी बोललं नाही तरी चालतं. पाऊण तासाने पाच मिनिटांची विश्रांती द्या. दुभाषांना, पाठीचं दुखणं असलेल्यांना आणि सलग पडद्याकडे पाहू न शकणाऱ्यांना तिची गरज असते.

कॅप्शन मध्येच बंद पडलं तर? पडतंच. तेव्हा तो खास नेमलेला माणूस वक्त्याला थांबवतो, दोन मिनिटं प्रयत्न करतो, नाही जमलं तर चॅटमध्ये मुद्दे टाइप करायला लागतो. ज्यांच्यासाठी कॅप्शन होतं त्यांना काय झालं ते लगेच लिहून कळवायचं. नुसताच थिजलेला पडदा बघत बसणं फार वाईट.

नंतर

रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकण्याआधी कॅप्शनची फाइल तपासा. आमच्या एका व्याख्यानात चोखामेळ्याचं "चोख मेळा" झालं होतं, तेही सतरा वेळा. तासाभराच्या भाषणाला दुरुस्तीचे तीन-चार तास लागतात. एकट्याने केलं तर कंटाळा येतो, म्हणून आम्ही पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे वाटून घेतो. ज्यांचं नेट धड चालत नाही त्यांच्यासाठी नुसत्या आवाजाची लहान फाइल आणि व्याख्यानाचा लिखित मजकूर वेगळा ठेवतो. हा मजकूर सगळ्यांत जास्त कोण मागतं ठाऊक आहे? स्वतः वक्ते.

अभिप्रायाचा फॉर्म पाठवू नका, तो कोणी भरत नाही. ज्यांनी सोय मागितली होती त्यांना दुसऱ्या दिवशी फोन किंवा संदेश करा आणि दोनच गोष्टी विचारा : कुठे अडलं, आणि पुढच्या वेळी कोणती सोय नसली तरी चालेल. दुसऱ्या प्रश्नाने आमचे पैसे आणि श्रम दोन्ही वाचले. मास्तरांना गेल्या महिन्यात विचारलं तेव्हा म्हणाले, "आता सगळं ठीक आहे, फक्त ते शेवटचे आभार पंधरा मिनिटं चालतात, त्याची सोय नसली तरी चालेल."